टिपण वाचणारा नवा मोजणीदार

भूमि अभिलेख कार्यालयातून जुन्या टिपणाची नक्कल पहिल्यांदाच हाती घेणारा शेतकरी हमखास चक्रावतो. रोज धुऱ्यावरून फिरणारा माणूस तो. आपल्या शेताला वाक कुठे आहे, नाल्याकडचा कोपरा किती आत घुसला आहे, हे तो डोळे मिटूनही सांगेल. कागदावर मात्र भलतीच आकृती असते. लांब बाजू आखूड, आखूड बाजू लांब, नागमोडी नाला सरळ. मधून एक रेघ गेलेली, तिच्यावर जागोजागी आकडे, आणि त्या रेघेला काटकोनात निघालेल्या छोट्या रेघांवर आणखी आकडे. "साहेब, हे आमचं शेत न्हाईच," असे तो म्हणतो, आणि डोळ्यांपुरते त्याचे बरोबरच असते. टिपण प्रमाणात काढायचेच नसते. ज्याने ते शेत कधी पाहिले नाही अशा माणसाला नुसत्या आकड्यांवरून त्याची आकृती पुन्हा बिनचूक काढता आली की टिपणाचे काम झाले.

या जुन्या कागदाची आठवण आज करायचे कारण संगणकाच्या जगातले आहे. आकृत्या काढायची सॉफ्टवेअरे आता माणसांच्या हातातून यंत्रांच्या हाती जाऊ लागली आहेत. भाषेवर चालणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे आता उत्तरे देऊन थांबत नाहीत. त्यांना साधने दिली की ती कामाच्या पायऱ्या स्वतः ठरवतात, फाइल उघडतात, बदलतात, जतन करतात. अशा कामकरी प्रारूपांना एजंट म्हणतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. साधनाचे नाव, ते काय करते याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती कशा स्वरूपात द्यायची, हे प्रारूपासमोर मांडायची एक सामाईक रीत त्यामुळे मिळाली. तेव्हापासून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपुढे एक नवे लेखनकाम येऊन पडले आहे: आकृती सुधारायचे साधन कसे वापरावे, हे पडद्याकडे न बघणाऱ्या वाचकासाठी लिहून काढणे. पुष्कळांना हे काम अगदी नवे वाटते. आम्हाला ते दख्खनमध्ये पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चाललेले दिसते. त्यात जे लिहिले गेले त्याने व्यवस्था तगली, आणि जे लिहायचे राहिले त्याची किंमत नांदेड जिल्ह्यातल्या किनवटसारख्या टोकाच्या तालुक्यांनी मोजली.

मुंबई इलाख्यातल्या मोजणीची पहिली मोठी खटपट फसली होती. १८२७ च्या सुमारास प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे भागात मोजणी सुरू केली. निव्वळ उत्पन्न काढून त्यावर आकार बसवायचा, असा त्याचा सिद्धांत. सिद्धांत पुस्तकात देखणा होता. शेतावर मोजमापेच चुकली, आकार डोईजड झाला आणि व्यवस्था गुंडाळावी लागली. १८३५ मध्ये इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली, आणि त्या अनुभवातून १८४७ चा संयुक्त अहवाल निघाला. शेतसाऱ्याचा इतिहास लिहिणारे या अहवालाकडे महसुली धोरण म्हणून बघतात. आकृती काढणाऱ्यांसाठी लिहिलेली हातपुस्तिका म्हणूनही तो वाचण्यासारखा आहे.

साखळीचेच घ्या. मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे १६, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा. हा आकडा वेडावाकडा वाटतो, पण साखळी गुणिले साखळी १०८९ चौरस फूट भरते, आणि तोच एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. साखळी गुणिले आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग. लांबी-रुंदी साखळी-आण्यांत लिहिली की गुणाकार आपोआप गुंठे-आण्यांत येतो, मध्ये रूपांतर नाही. हिशेबात कच्च्या कारकुनाला चुकायला जागाच कमी ठेवली होती. (पुढे हेक्टर-आर आले. गुंठा म्हणजे जवळजवळ एक आर हे सोयीचे खरे, पण त्या 'जवळजवळ'ने बांधावरच्या किती भांडणांना खाद्य पुरवले, ते वकिलांना विचारावे.)

दुसरी गोष्ट जमिनीच्या प्रतबंदीची. जमिनीचे ३ वर्ग आणि प्रती ९. प्रतबंदी करणारा शेताची आकृती काढून तिचे चौकोन पाडी आणि प्रत्येक चौकोनात मातीची खोली व वर्ग खुणेने दाखवी. उतार असला, वाळू मिसळलेली असली, पाणी साचत असले, तर त्या त्या दोषाचे ठरलेले चिन्ह टाकी. नियम असा की प्रत्येक दोषचिन्हागणिक जमीन एक प्रत खाली. चौकोनांची बेरीज केली की शेताची आणेवारी. ही आकृती हाती आलेल्या कोणालाही शेत न बघता तोच आकडा काढता येई, आणि ठरावीक वाटा वरचे अधिकारी शेतावर जाऊन पुन्हा तपासत. पहिल्या माणसाचे डोके दुसऱ्याला उपलब्ध नाही, असे धरूनच ही रीत बसवली होती. पाटलाच्या किंवा कुलकर्ण्याच्या आठवणीवर चालणाऱ्या मुलखात हे धरणे क्रांतिकारक होते. ज्यांची आठवण हीच मिरास होती त्यांना ते आवडले नसणार, हे उघड आहे.

संगणकावरच्या आकृतीचा इतिहास यापुढे तान्हा आहे. १९६३ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या आयव्हन सदरलँडने 'स्केचपॅड' सादर केले. त्यात प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर रेघ काढता येई. खरी नवलाई आतल्या नोंदींत होती. दोन रेघा एका बिंदूला जोडल्या आहेत हे यंत्राने लिहून ठेवलेले असे, म्हणून बिंदू सरकवला की दोन्ही रेघा त्याच्याबरोबर सरकत. आकृती म्हणजे नुसती शाई न राहता नोंदींची वही झाली. पुढे बेल लॅब्जमधून ग्राफव्हिझ आले, २०१४ मध्ये मर्मेड आले. त्यांत 'अ पासून ब कडे बाण' एवढेच लिहायचे, चौकटी कुठे बसवायच्या ते सॉफ्टवेअर बघते. आणि ज्यावर कचेऱ्या, कंपन्या, महाविद्यालये हल्ली सर्रास प्रवाहचित्रे काढतात ते ड्रॉ.आयओ. त्याची फाइलही शेवटी एक्सएमएल मजकूरच. प्रत्येक चौकट नि प्रत्येक बाण म्हणजे एक नोंद, नोंदीला एक ओळखक्रमांक, जागेचे आकडे आणि अर्धविरामांनी तोडलेली रूपाची ओळ.

ही फाइल जवळून बघितली की टिपण आठवते. शून्य आणि एक या क्रमांकांच्या दोन नोंदी सुरुवातीला असाव्या लागतात. त्या पडद्यावर दिसत नाहीत, पण बाकी साऱ्या नोंदी त्यांच्या पोटात बसतात. उभे अंतर वरून खाली मोजतात. शाळेत आलेख काढलेला कोणीही ते खालून वर धरील आणि चित्र उलटे करून ठेवील. चौकट दुसऱ्या चौकटीच्या पोटात असली तर तिचे आकडे पानाच्या कोपऱ्यापासून न धरता बाहेरच्या चौकटीच्या कोपऱ्यापासून धरायचे. बाणाला 'कुठून' आणि 'कुठे' या दोन रकान्यांत चौकटींचे क्रमांक दिले तरच तो त्यांना चिकटतो. नुसते आकडे देऊन काढला तर पडद्यावर जोडलेला दिसतो, आणि चौकट हलवली की तिथेच लोंबकळत राहतो. जुन्या फायलींत तर हा सारा मजकूर दाबून सांकेतिक अक्षरांत घातलेला असतो, आधी तो उलगडावा लागतो. उंदराने चौकटी ओढणाऱ्या माणसाला यातले काही ठाऊक असायची गरज पडत नाही, कारण चूक त्याच्या डोळ्यांना लगेच दिसते. एजंटला दिसत नाही. तो मजकूर लिहितो, मजकूर व्याकरणशुद्ध असतो, फाइल उघडते, आणि चार चौकटी एकमेकींवर चढलेल्या असतात.

म्हणून अशा साधनाच्या हातपुस्तिकेत बटणांची वर्णने कुचकामी आहेत. माणसासाठी लिहिलेल्या पुस्तिकांत 'डावीकडच्या पट्टीतून आकार निवडा' असली वाक्ये पानोपानी असतात. एजंटला डावे-उजवे नाही. त्याला हवे ते डोळा फुकटात पुरवत होता ते: मोजायचे कुठून, कशात, आणि कोणत्या नोंदीशिवाय कोणती नोंद निरर्थक. शिवाय काढलेली आकृती चित्रात उतरवून परत बघायची सोय असेल तर ती कधी वापरायची, हेही लिहायला हवे. मोजणीत शेतावर जाऊन फेरतपासणी असे, ती ही. आमच्या पाहण्यातल्या बऱ्याच पुस्तिका इथे चूपचाप असतात. साधन फाइल स्वीकारते म्हणजे काम झाले, असे लिहिणाऱ्याने धरलेले असते.

दुसरा मुद्दा अधिक खोल आहे आणि तो कोणत्याही जुन्या खरेदीखतात सापडतो. जमीन दोन तऱ्हांनी लिहिली जाते. टिपणात मापे असतात. खरेदीखतात चतुःसीमा असते: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस पांदण, दक्षिणेस नाला, उत्तरेस तमक्याचा गट. चतुःसीमेत एकही माप नसते, फक्त कोण कोणाला लागून आहे ते असते. मर्मेड आणि ग्राफव्हिझ चतुःसीमेच्या जातीचे, ड्रॉ.आयओ टिपणाच्या. दोन्ही खरी, पण भांडण लागले की कोणते प्रमाण मानायचे? महसुलाच्या जगात यावर खटले चालले आहेत. सॉफ्टवेअरच्या पुस्तिकांत मात्र हे एका वाक्यातही सांगितलेले नसते. मग एजंट संबंध बदलताना जागा बिघडवतो, किंवा जागा नीट करताना एखादा संबंध गाळून टाकतो. गाळलेला बाण लक्षात यायला महिने लागू शकतात, कारण चित्र आता आधीपेक्षा नीटनेटके दिसत असते.

चतुःसीमेची दुखरी नस म्हणजे नावे. शेजारी शेत विकतो, मरतो, मुलांत वाटणी होते आणि 'पूर्वेस अमक्याचे शेत' हे वाक्य खोटे पडते. म्हणून मोजणीने सर्व्हे नंबर आणले. पोटहिस्से पाडले तरी मूळ नंबर पुसला जात नाही, ४५ चे ४५/१ आणि ४५/२ होतात. पुढे तुकडेजोड योजनेत सर्व्हे नंबरांचे गट झाले, तेव्हा जुन्या-नव्या क्रमांकांची सांगड घालणाऱ्या नऊ-तीन, नऊ-चारच्या उताऱ्याला एवढे मोल आले की तो नसला तर वारसांची दोन पिढ्यांची फरफट होते. हातपुस्तिकेत हे एका ओळीत यायला हवे: चौकटीतल्या नावावरून ओळखू नका, क्रमांकावरून ओळखा, जुना क्रमांक नव्या चौकटीला देऊ नका, सगळी आकृती नव्याने लिहून काढायचा मोह आवरा. शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. एक चौकट बदलायला सांगितली तर एजंट पुष्कळदा अख्खी फाइल पुन्हा लिहून देतो, क्रमांक नवे पाडतो, आणि बाहेरून त्या क्रमांकांकडे बोट दाखवणारे सगळे दुवे तुटतात.

आता किनवट. निजामाच्या राज्यात दिवाण सालारजंगांच्या कारकिर्दीत, १८७० च्या दशकात मोजणीचे खाते उभे राहिले आणि पद्धत मुंबईची उचलली गेली. पद्धत आली, पण लिहायची भाषा आणि लिपी वेगळी. किनवट पुढे आदिलाबाद जिल्ह्यात आले. दफ्तर उर्दूत, सन फसली, बोली मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, गोरमाटी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट नांदेड जिल्ह्यात आले, त्याच्याबरोबर राजुराही आले आणि १९५९ मध्ये चंद्रपूरला जोडले गेले. नकाशावर ही एकच रेघ. तिच्या पलीकडच्या टोकाला, जुन्या राजुरा तालुक्यातल्या आणि आजच्या जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा अशी दोन्ही राज्ये अजून हक्क सांगतात. तिथल्या लोकांकडे दोन-दोन शिधापत्रिका आहेत. दफ्तरी रेघ ओढणाऱ्याने जमिनीवरची फेरतपासणी सोडून दिली की काय होते, ते बघायला याहून लांब जायला नको.

त्याआधीची गोष्ट अधिक कडू आहे. १९४० मध्ये जोडेघाटला गोंड नेता कुमरम भीम मारला गेला, त्यानंतर निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाला आदिलाबादच्या गोंडांत पाठवले. त्याने जे लिहिले त्याचा गाभा असा: गोंड पिढ्यान्‌पिढ्या कसत होते, पण पट्टा त्यांच्या नावाने नव्हता, राखीव जंगलाच्या रेघा गावांच्या भोवती आणि शेतांवरून गेल्या, कचेरीची रीत ठाऊक असलेले बाहेरचे लोक येऊन त्याच जमिनींचे पट्टे करून घेऊन गेले. गोंडांची शेतजमीन एका जागी बांधलेली नव्हती. काही वर्षे कसून ती पडीक टाकायची नि पुढे सरकायचे. नकाशाच्या व्याकरणात 'आज रिकामी पण आमची' अशी नोंद करायला रकानाच नव्हता. ज्या गोष्टीला रकाना नाही ती नकाशात नाही, आणि नकाशात नाही ती सरकारी. मोजणीदाराने बेइमानी केलीच पाहिजे असेही नव्हते. पुस्तिकेप्रमाणे चोख काम करूनही हे होत होते.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी हे वाचून खांदे उडवू नयेत. साधनाच्या वर्णनात जे शब्द आहेत तेवढेच एजंटच्या जगात असते. 'रिकामी चौकट काढून टाका' असा बरा वाटणारा नियम पुस्तिकेत असेल तर तो जाणूनबुजून रिकाम्या ठेवलेल्या चौकटीही काढील, आणि त्याला दोष देता येणार नाही. नियमाबरोबर अपवाद, आणि अपवादाची खूण कशी ओळखायची, हेही लिहावे लागते. खूण सापडली नाही तर थांबून माणसाला विचारायचे, हे तर ठळक अक्षरांत.

किनवटमध्ये आज आकृत्यांची कमी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेच्या वनहक्क समितीने दाव्याच्या जागेचा ओळखू येणाऱ्या खुणांसह नकाशा करायचा असतो. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय किनवटमध्येच आहे. पाणलोटाचे आराखडे, नळयोजनेच्या आकृत्या, कोणत्या अर्जाचा कागद कोणत्या टेबलावरून कुठे जातो त्याची प्रवाहचित्रे, हे सगळे संगणकावर आहे किंवा येते आहे. गावनकाशे महाभूनकाशा संकेतस्थळावर दिसतात, मोजणीला उपग्रहाच्या आधारे चालणारे रोव्हर आले. यातले काही काम उद्या एजंटांकडे जाईल, कारण तालुक्याच्या जागी माणसे कमी आणि कागद फार. आमचा त्याला विरोध नाही. पण मोजणी खात्याची एक जुनी शिस्त त्याआधी उचलावी. कमी-जास्त पत्रक, म्हणजे बोलीतला कजाप. शेताच्या क्षेत्रात बदल झाला तर नुसता नकाशा बदलून चालत नाही. आधी किती होते, आता किती झाले, कशामुळे, कोणाच्या आदेशाने, हे पत्रकावर चढते आणि त्याच्या आधारे अधिकार अभिलेख दुरुस्त होतो. नकाशा आणि सातबारा यांचा मेळ ज्या गावांत बसत नाही तिथे चौकशी केली तर बहुधा कुठेतरी कजाप राहिलेला निघतो. एजंटने केलेल्या प्रत्येक बदलामागे असे पत्रक निघाले पाहिजे, मूळ प्रत शाबूत राहिली पाहिजे, आणि मंजुरीची सही माणसाची पाहिजे. साधनाच्या पुस्तिकेत ही कलमे पहिल्या पानावर हवीत. हल्ली ती परिशिष्टात असतात, असली तर.

एक काम मात्र बाहेरच्या कोणत्याही कंपनीकडून व्हायचे नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती कुणबी नोंदींच्या शोधात निजामकालीन दफ्तर तपासायला बसली तेव्हा साऱ्या मराठवाड्याने पाहिले की उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे मिळवताना प्रशासनाची किती धावाधाव झाली. कागद होते, वाचता येणारे थोडे होते. खासरा, सेतवार, पहाणी हे शब्द, जुन्या नकाशावरच्या खुणा, कोणत्या गावात सर्व्हे नंबराचे गट कधी झाले आणि कोणत्या गावात झालेच नाहीत, हे ज्ञान आज काही निवृत्त भूमापकांच्या, अव्वल कारकुनांच्या आणि गावोगावच्या जाणत्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे. ते मराठीत, रकाना-रकाना करून, उदाहरणासह लिहून घ्यायला हवे. नवख्या तलाठ्याला त्यावरून एक टिपण उलगडायला द्यावे, आणि तो जिथे अडेल तिथली ओळ सुधारावी. तलाठ्याला जमले तर तोच मजकूर एजंटपुढे ठेवता येईल. जिल्हाधिकारी कार्यालयाने मनावर घेतले तर किनवट आणि माहूर या दोन तालुक्यांपासून सुरुवात करता येण्यासारखी आहे. जुने आदिलाबादी दफ्तर, जंगलाची हद्द आणि वनहक्काचे दावे इथे एकाच जागी येऊन मिळतात, आणि इथली पुस्तिका पुरली तर लातूरच्या सपाट पट्टीत ती सहज पुरेल.